अर्धे विणकाम

क्रीट बेटावर जाणारा माणूस क्नोसोसचा राजवाडा पाहतोच, आणि पाहावाही. पण इव्हान्ससाहेबांनी तिथे इतके सिमेंट ओतून ठेवले आहे की जुने कोणते आणि साहेबांच्या कल्पनेतले कोणते, हे निवडताना जीव शिणतो. मला ओढ होती गोर्तिनची. इराक्लिओन शहराच्या दक्षिणेला ४५ किलोमीटरांवर, मेसाराच्या मैदानात, ऑलिव्हच्या झाडांखाली हे जुने नगर विखुरले आहे. शेजारीच आयी देका हे खेडे. तिथल्या घरांच्या भिंतींत त्या नगराचे दगड चिणलेले दिसतात. आपल्याकडेही पडक्या वाड्याचा दगड गोठ्याला लागतोच की!

रोमनांनीही तेच केले. जुन्या कायद्याचे दगड उचलून त्यांनी आपल्या नाट्यगृहाच्या इमारतीत बसवले. १८८४ मध्ये गिरणीच्या पाटाचे पाणी काढल्यावर हाल्बहेर या इटालियन संशोधकाला ती भिंत वाचता आली. इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकातली अक्षरे, बारा रकाने, सहाशेच्या वर ओळी. एक ओळ उजवीकडून डावीकडे, पुढची डावीकडून उजवीकडे. परतीच्या ओळीत अक्षरेही तोंड फिरवतात. तास संपला की नांगराचा बैल वळतो, तशी. ग्रीक भाषेत या पद्धतीचे नावही बैलाच्या वळणावरूनच पडले आहे. घरात मराठी आणि बाजारात कानडी वाचणाऱ्या माझ्या डोळ्यांनाही हे वळण झेपेना.

मजकूर मी भाषांतरातून वाचून गेले होते. नवराबायको वेगळी झाली तर बाईने आणलेले तिचे तिला परत, तिच्या मिळकतीच्या उत्पन्नातले अर्धे, आणि घरात तिने जे विणले असेल त्यातलेही अर्धे.

या शेवटच्या कलमापाशी मी अडकले होते. माझी मावशी वडगावात विणकराच्या घरी दिलेली. अकरा वर्षे तिने कांड्या भरल्या, मागावर बसली. माहेरी परतली ती एका ट्रंकेनिशी. विणलेल्यातले तिचे काय, हे सासरी कुणी विचारले नाही, आमच्या घरीही नाही. पुढे कुणाचेही लुगडे हातात आले की ती आधी काठ उलटून पाही.

हा कायदा म्हणजे रामराज्य नव्हे. नगरातले घर आणि गुरेढोरे मुलांना. उरलेल्यात मुलाला दोन वाटे, मुलीला एक. गुलाम बाईवरच्या अत्याचाराचा दंड तर अगदीच क्षुल्लक. पण तिचे सूत त्यांनी मोजले. पोर्तुगीज काळापासून गोव्यातही, वेगळा करार केलेला नसेल तर, नवराबायकोची मिळकत निम्मी-निम्मी धरतात. चोर्ल्याचा घाट चढून बेळगावकडे आले की तो नियम मागे राहतो.

भिंतीपुढे लोखंडी गज आहेत. बाहेर उभी राहून मी विणकामाची ओळ शोधत होते. ती कुठल्या बाजूने वाचायची तेही कळेना. बरोबरची माणसे तोवर फेस्टोसला जाणाऱ्या बसकडे निघाली होती.