पुढची काच



मागच्या महिन्यात इथे काहीच लिहिले नाही म्हणून दोघातिघांनी विचारपूस केली. आजारी नव्हतो. लिहायला बसले की एकच गोष्ट पुढे येत होती, आणि ती सांगायची हिंमत होत नव्हती. आता ती कमिटीपुढे सांगून झाली आहे, काकांनीही ‘लिही’ म्हटले आहे, म्हणून लिहितो.

आमच्या मंडळीची गाडी इंदूरच्या बऱ्याच वाचकांनी पाहिली असेल. २००३ सालची टेंपो ट्रॅव्हलर. पुढच्या जाळीवर अजून बजाज टेंपोचेच नाव आहे; कंपनीची फोर्स मोटर्स झाली ती त्यानंतर, २००५ साली. गाडी इथल्याच पीथमपूरच्या कारखान्यातली, म्हणजे आमच्या घराण्यासारखीच, मूळ महाराष्ट्रातले आणि जन्म माळव्यातला. दर रविवारी सकाळी ती राजेंद्रनगर, सुदामानगर अशी फिरत बाराएक वयस्क माणसांना उपासनेला आणते. त्यांतल्या चौघींना रिक्षात चढता येत नाही. गाडी बंद तर त्यांची उपासना बंद, इतका सरळ हिशेब आहे.

गाडीची जबाबदारी माझ्याकडे: डिझेल, विमा, पीयूसी, ऑइल, सगळे. चालवतात मात्र काका. काकांनी उभी हयात रोडवेजच्या बसवर काढली. २००५ साली मध्य प्रदेशातले ते महामंडळच गुंडाळले गेले आणि काका घरी बसले. हाती येणारी पेन्शन इतकी थोडी, की तिला पेन्शन म्हणायलाही संकोच वाटावा. तरी गेली अकरा वर्षे ते एक पैसा न घेता ही गाडी चालवत आहेत, आणि शनिवारी संध्याकाळी स्वतः धुऊन ठेवतात.

गोष्ट सुरू होते गेल्या पावसाळ्यात. गाडीत पुढे डाव्या बाजूला, पाय ठेवायच्या जागी, चटई ओली राहू लागली. कुबट वास यायचा. एकदा तिथे ठेवलेला गीतपुस्तकांचा गठ्ठा भिजला, आणि उपासनेनंतर सगळ्यांसमोर मी काकांना म्हणालो, “काका, गाडी धुताना खिडकीची काच तरी लावत जा.”

“लावतो रे,” ते म्हणाले.

“मग पाणी काय आभाळातून पडतं?”

लोक हसले. काका काही बोलले नाहीत. दुसऱ्या रविवारी त्यांनी घरून जुने पोते आणून तिथे अंथरले होते. आता लिहिताना कळते, की पाणी खरोखरच आभाळातून पडत होते. पण ते पुढे येईल.

जानेवारीत खंडव्याला एका अंत्यविधीला जायचे होते. काकांना ताप होता, म्हणून गाडी मी चालवली. परतताना उशीर झाला होता. भेरूघाटात पुढे गिट्टीचा डंपर होता, वर ताडपत्री नाही. मी त्याच्या मागे अगदी चिकटून चालवत होतो, कधी संधी मिळते आणि पुढे काढतो या घाईत. टक् असा आवाज झाला. काचेवर डाव्या कोपऱ्याकडे, खाली, मुगाच्या दाण्याएवढा पांढरा डाग पडला होता. मागच्यांना झोप लागली होती. कुणाला कळले नाही, आणि मी सांगितले नाही.

गाडीच्या पुढच्या काचेची रचना अशी असते, की ती फुटली तरी पडत नाही. दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पातळ पापुद्रा दाबून बसवलेला असतो. १९०३ साली एदुआर बेनेदिक्तस या फ्रेंच रसायनतज्ज्ञाच्या प्रयोगशाळेत काचेचे एक भांडे खाली पडले. ते तडकले, पण तुकडे विखुरले नाहीत. आत पूर्वी ठेवलेले सेल्युलोज नायट्रेटचे द्रावण वाळून त्याचा पापुद्रा काचेला धरून बसला होता. त्यावरून ही लॅमिनेटेड काच आली, १९०९ साली तिचे पेटंट झाले. आपल्याकडेही १९९३ च्या नियमदुरुस्तीनंतर तीन वर्षांनी बनलेल्या प्रत्येक गाडीला पुढे अशीच काच सक्तीची आहे. बाजूच्या खिडक्यांची काच वेगळी. ती फुटली की साखरेच्या खड्यांसारखी सांडते. पुढची तशी नाही. आत तडा घेऊनही महिनोन् महिने जागेवर उभी राहते. हे मला ठाऊक होते, आणि त्याचाच मी आधार घेतला. पडत तर नाही ना!

ओळखीच्या एका मेकॅनिकला फोनवर नुसतेच विचारले, कुणाच्या तरी गाडीचे म्हणून. तो म्हणाला, डाग लहान असेल तर त्यात रेझिन भरता येते, काही शेकड्यांचे काम आहे. पण लवकर आणा, आत धूळ आणि पाणी गेले की भरून उपयोग नाही, आणि तोवर वर सेलोटेप लावून ठेवा. मी सेलोटेपही लावली नाही. लावली असती तर कुणीतरी विचारले असते. त्याच महिन्यात मी कमिटीत ‘मंडळीच्या वस्तू आपण जपून वापरत नाही’ या विषयावर चांगली दहा मिनिटे बोललो होतो.

मग मे महिना आला. इंदूरचा मे महिना काय असतो ते सांगायला नको. एका शनिवारी गाडी दिवसभर उन्हात उभी होती. संध्याकाळी काकांनी नेहमीप्रमाणे धुवायला काढली आणि तापलेल्या काचेवर गार पाण्याची बादली ओतली. काचेचा वरचा भाग एकदम आकसला, आतला गरमच राहिला, आणि जिथे आधीच जखम होती तिथून तडा सुटला तो थेट उजव्या कडेपर्यंत. काकांच्या डोळ्यांदेखत.

दुसऱ्या दिवशी काका स्वतः पास्टरेट कमिटीपुढे आले. हातात टोपी होती. म्हणाले, “माझ्या हातून गेली. एवढी वर्षं गाडी चालवली, गरम काचेवर पाणी टाकू नये एवढं कळायला हवं होतं. काचेचे पैसे मी देईन, जरा हप्त्यानं.”

पाळकसाहेब म्हणाले, पैशांचे राहू द्या. पण एकाने हिशेब काढला. विमा फक्त थर्ड पार्टी, म्हणजे स्वतःच्या काचेला त्यातून काही मिळणार नाही. खात्यात छपराच्या दुरुस्तीचे पैसे आहेत, ते हलवता येत नाहीत. काकांनी आग्रह धरला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले, कारण गाडी माझ्याकडे. मी म्हणालो, “काकांची इच्छाच असेल तर...” आणि तसे वहीत लिहिले गेले.

दोन दिवसांनी काकांनी मला एक पाकीट दिले. आत २००० रुपये होते. पाकिटाबरोबर गाडीची किल्लीही दिली. “आता दुसरा कुणी तरुण बघ,” म्हणाले.

ते पाकीट शर्टाच्या खिशात घेऊन मी छोट्या ग्वालटोलीतल्या मोटार पार्टच्या दुकानांत फिरलो. वीस वर्षांवरच्या गाडीची काच पहिल्या दुकानात मिळत नाही. एकाने भंगारातली दाखवली, स्वस्त होती, पण तिच्यावर वायपरचे ओरखडे अर्धवर्तुळात उमटलेले. शेवटी नवी मिळाली, कोपऱ्यात आयएसआयचा शिक्का पाहून घेतली. काच, नवे रबर आणि मजुरी मिळून साडेसात हजार.

बसवणारे उस्ताद साठीचे होते. हल्लीच्या गाड्यांत काच चिकटवतात. या जुन्या गाडीत ती रबराच्या पट्टीत बसते आणि पट्टी पत्र्याच्या कडेवर. त्यांनी जुने रबर कापायच्या आधी काचेवर बोट ठेवले, त्या मुगाच्या दाण्यावर. “भिया, ये मार पुराना है. देखो, धूल बैठी है अंदर. पानी से नी टूटा, पानी तो बहाना है.” मी ‘हो का?’ म्हणालो. म्हणजे बघा, तिथेही मी ‘हो का?’ म्हणालो.

रबर निघाले तसा डाव्या कोपऱ्यातून ओला, तपकिरी चुरा खाली पडला. पट्टीखालचा पत्रा गंजला होता. एका जागी तर उस्तादांचा स्क्रूड्रायव्हर आरपार गेला. कडक झालेल्या रबरातून पावसाचे पाणी झिरपायचे, कडेने उतरायचे आणि नेमके डाव्या बाजूच्या चटईवर पडायचे. वर्ष-दोन वर्षांचे काम असेल. बाहेरून काही दिसत नव्हते. रबर काळेभोर, वरून पॉलिश मारलेले. काकाच मारायचे ते पॉलिश.

उस्तादांनी गंज खरवडला, एमरी मारली, भोकाला छोटा पत्रा लावला, रेड ऑक्साइड दिला आणि म्हणाले, आज काच बसणार नाही, रंग वाळू द्या. मी रिकाम्या चौकटीची गाडी तिथेच सोडून पायी निघालो.

कुसळ आणि मुसळ यांचे प्रभूचे वचन मराठीत इतके मुरले आहे, की मत्तयाचे शुभवर्तमान कधी न उघडलेली माणसेही ते म्हण समजून वापरतात. मूळ ग्रीकमध्ये मुसळ नाही, घराची तुळई आहे. सुताराच्या घरी वाढलेल्याचा तो दाखला. आपल्या भाषांतरकारांनी स्वयंपाकघरातले मुसळ घेतले आणि ते कुसळाशी असे काही जुळले, की तुळई कुणाला आठवतही नाही. या वचनावर मी स्वतः दोनदा मनन सांगितले आहे. दोन्ही वेळा म्हणालो, माणसाला आपल्या डोळ्यातले मुसळ दिसत नाही, म्हणून प्रभूकडे दृष्टी मागावी. त्या दिवशी पायी चालताना उमगले, की माझे प्रकरण त्याहून वाईट होते. मला दिसत होते. जानेवारीपासून रोज दिसत होते. त्यावर मी दुसऱ्याचे नाव लिहू दिले, आणि दुसऱ्याने त्याचे पैसेही भरले.

येणाऱ्या रविवारी प्रभुभोजन होते, आणि पहिला पाठ वाचायची पाळी माझी होती. वेदीवर दान ठेवताना आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले तर दान तिथेच ठेवून आधी जाऊन समेट करावा, असे प्रभूने सांगितले आहे. यात एक बारकावा मी कधी लक्षात घेतला नव्हता. प्रश्न माझ्या मनात त्याच्याविरुद्ध काय आहे याचा नाही, त्याच्या मनात काय असायला हवे याचा आहे. काकांच्या मनात तर काहीच नव्हते. ते स्वतःलाच दोष देत होते. ते मनात घालायलाच मला जायचे होते. सांगितले नसते तर आमच्यात काही बिघडलेही नसते, आणि तेच सर्वांत अवघड होते.

शनिवारी सकाळी गेलो. काकूंनी पोहे केले होते, वर शेव, जिरावण. पाकीट ताटाशेजारी ठेवले आणि सांगितले. डंपर सांगितला, चटई सांगितली, उस्तादांचे बोट सांगितले. काका बराच वेळ खात राहिले. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, “रात्री झोपत नव्हते हे. नजर गेली, हात गेला, म्हणायचे.”

तेवढे वाक्य माझ्यासाठी पुरे होते. काका रागावतील अशी माझी तयारी होती. ते रागावले असते तर बरे वाटले असते.

शेवटी त्यांनी विचारले, “रबर नवीन घातलं, की जुनंच?”

“नवीन.”

“दोरी घालून बसवलं ना? आणि साबणाचं पाणी?”

सांगितले, की हो, समोर उभा राहून पाहिले. खोबणीत सुतळी घालून काच बाहेरून टेकवली, एकाने बाहेरून तळव्याने दाबली आणि उस्तादांनी आतून सुतळी ओढत रबराची कड पत्र्यावर चढवली. काकांनी मान हलवली. “पाण्यानं तपासलं का?”

तपासले नव्हते. नळाला नर्मदा दिवसाआड येते, पण काकूंच्या पिंपात पाणी होते. आम्ही दोघे खाली आलो. मला आत डाव्या सीटवर बसवून काका बादली घेऊन बाहेर उभे राहिले. आधी काचेला हात लावून पाहिला. गाडी सावलीत होती, काच गार होती. मग हळूहळू पाणी सोडू लागले, वरच्या कडेने, डाव्या कोपऱ्यावर जरा जास्त. नव्या काचेवरून पाणी उतरत होते आणि त्याच्या पलीकडे काकांचा चेहरा हलत होता.

“आहे का काही?” त्यांनी ओरडून विचारले.

मी वाकून चटईवर हात फिरवला. कोरडी होती.

“नाही, काका.”

“नीट बघ. कोपऱ्यात बघ,” ते म्हणाले आणि दुसरी बादली आणायला गेले.