माळटिटवीची चार अंडी

टिटवीचं नाव काढलं की आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका अजूनही कपाळाला आठ्या घालतात. रात्री टिटवी ओरडली म्हणजे कुणीतरी जाणार, हे आपण सगळ्यांनीच लहानपणी ऐकलेलं. खरं तर कुत्रं किंवा माणूस तिच्या जागेजवळून गेलं की ती ओरडते, आणि ती रात्रीही जागी असते, एवढंच. दुसरी समजूत त्यापेक्षा गोड आहे: टिटवी जितकी अंडी घालेल तितके महिने पाऊस. आता ती बहुधा चारच घालते. तिच्या हिशेबाने मराठवाड्यात कधी दुष्काळ पडायलाच नको होता!

धर्मापुरी म्हटलं की लोकांना केदारेश्वराचं चालुक्यकालीन देऊळ आठवतं. मला चैत्रातला उघडा माळ आठवतो. नेहमीची टिटवी पाण्याच्या आसपास असते, तर कोरड्या माळावर तिची बहीण माळटिटवी. डोक्यावर काळी टोपी, चोचीपाशी पिवळी लोंबती कातडी, लांब पिवळे पाय. चार पावलं पळते, थांबते, वाकून किडा टिपते. हिवाळाभर तळ्याकाठी शेपटी हलवत फिरणारे तुतवार याच सुमारास उत्तरेकडे निघून जातात. ही मात्र ऊन तापायला लागलं की इथेच, भुईवर अंडी घालते. घरटं म्हणजे नुसता उथळ खळगा, भोवती चार खडे.

त्या वर्षी महावीर जयंतीच्या दोन दिवस आधी आमच्या माळाकडेच्या वावरात नांगरट चालली होती. मी डबा घेऊन गेले तर ट्रॅक्टर थांबलेला, आणि पुढे एक माळटिटवी पंख पसरून उभी. टिटवीही समुद्र आटवते ही म्हण तिला बघून कळते. तिच्या मागे मातीच्याच रंगाची, ठिपक्यांची चार अंडी, टोकं आतल्या बाजूला.

"वहिनी, उचलून बांधावर ठेवा की," ट्रॅक्टरवाला म्हणाला. पण पक्षी जागा ओळखतो. अंडी बांधावर नेली तर ती बांधावर जाईल याचा भरवसा काय? सासूबाई पाणी गाळल्यावर गाळण्यातले जीव ज्या विहिरीचं पाणी, त्याच विहिरीत परत सोडायच्या. दुसऱ्या पाण्यात ते जगत नाहीत म्हणायच्या. मला तेच आठवलं.

अण्णांचं, म्हणजे सासऱ्यांचं म्हणणंही खोटं नव्हतं. तुकडा राहिला की कुंदा राहिला, आणि कुंदा एका पावसात सगळ्या वावरात पसरतो. ट्रॅक्टर पुन्हा महिनाभर मिळणार नव्हता. शेवटी ह्यांनीच पाच-सहा पावलं सोडून चारी बाजूंना तुराट्या रोवल्या आणि तेवढा गोल सोडून नांगरट पुरी केली. टिटवी लांब उभी राहून ओरडत होती. ट्रॅक्टर गेल्यावर अर्ध्या तासाने परत येऊन बसली.

उबवायला सुमारे चार आठवडे लागतात. आधीचे किती गेले ते कळायला मार्ग नव्हता. घरात वाळवणाचे दिवस, तरी मी सकाळी लवकर पापडाचं पीठ मळून लांबूनच बघून यायचे. नर-मादी पाळीपाळीने बसतात. दुपारी एक जण गुरांच्या हौदाकडे येई, पोटाची पिसं भिजवी आणि तशीच ओली जाऊन अंड्यांवर बसे. एवढ्या उन्हात अंड्यांना ऊब नाही, गारवा द्यावा लागतो! मी ओसरीवर कुरडयांना राखण बसलेली, आणि ती तिथे.

अक्षय तृतीयेला घरात उसाच्या रसाची गडबड असताना ह्यांचा शेतातून फोन आला. तीन पिल्लं ढेकळांतून पळत होती, चौथं अंडं तसंच पडून होतं. मी पोचेपर्यंत आईने एकदा इशारा दिला आणि पिल्लं जागच्या जागी अशी दबली की मला एकही दिसलं नाही.

राहिलेला तुकडा अण्णांनी मग कुदळीने खणला. कुंदा दोन पाट्या निघाला. त्याबद्दल ते अजून बोलतात.