ओटाव्यातली लाल कमान

कॅनडात लेकीकडे, भाच्याकडे जाणाऱ्या आपल्या बायका नायगारा पाहून येतातच. राजधानी ओटावा मात्र बहुधा राहून जाते. मैत्रिणींनो, जमलं तर एक दिवस तिथे काढाच. पार्लमेंट आपोआप दिसेल. तिथून पायी एल्गिन स्ट्रीटवर या.

तिथे लाल ग्रॅनाइटची उंच कमान आहे. १९९० साली दलाई लामांनी तिचं अनावरण केलं. सगळी माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान आहेत, हे मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं वाक्य तिच्यावर कोरलं आहे. मसुद्यात या 'माणसं'च्या जागी 'ऑल मेन' होतं, बरं का! त्यात बायका आल्याच, असं समजावणारेही होते. हंसाबेन मेहतांनी ते मानलं नाही. 'ऑल ह्यूमन बीइंग्ज' करून घेतलं. या हंसाबेन म्हणजे कर्व्यांनी उभारलेल्या आपल्या मुंबईच्या महिला विद्यापीठाच्या कुलगुरू.

जाहीरनाम्याचा पहिला खर्डा मॉन्ट्रियलचे कायद्याचे प्राध्यापक जॉन हम्फ्री यांचा. पण डिसेंबर १९४८ मध्ये युनोच्या समितीत मतदान झालं तेव्हा त्यांचाच देश तटस्थ! थोड्याच दिवसांनी, १० डिसेंबरला, आमसभेत मात्र होकार दिला.

जवळच्या पाट्यांवर तिथल्या आदिवासी भाषांतले शब्द आहेत. याच भाषा बोलल्याबद्दल निवासी शाळांत आदिवासी मुलांना मार बसायचा. घरातून उचलून नेलेली मुलं ती! पंतप्रधानांनी पार्लमेंटमध्ये माफी मागितली ती २००८ साली.

नॅशनल गॅलरीजवळ शांतिसैनिकांचं स्मारक आहे. १९५६ मध्ये सुएझचा भडका उडाला तेव्हा भांडणाऱ्यांच्या मध्ये युनोची फौज उभी करा, असं परराष्ट्रमंत्री लेस्टर पिअर्सन यांनी सुचवलं. पुढच्याच वर्षी त्यांना नोबेल मिळालं. त्या फौजेत आपले जवानही होते. निळ्या कापडी टोप्या यायला आठवडे लागणार, म्हणून अमेरिकी हेल्मेटच्या आतल्या प्लॅस्टिकच्या टोप्यांनाच निळा रंग फासला! ऐनवेळी पाहुणे आले की आपण नाही का असंच निभावून नेत?

स्मारकावर तीन सैनिक आहेत, त्यांतली एक बाई, वायरलेसवर बोलणारी. पायाशी पडक्या घरांचा ढिगारा. हे स्मारक १९९२ मध्ये उभं राहिलं आणि सहा महिन्यांत, मार्च १९९३ मध्ये, सोमालियात कॅनडाच्याच सैनिकांनी सोळा वर्षांच्या एका मुलाला हाल हाल करून मारलं. ती पलटण १९९५ मध्ये बरखास्त केली. चौकशी मात्र सरकारने मधेच गुंडाळली, हे मला काही पटलेलं नाही. तेव्हा युनोच्या कामावर कॅनडाचे तीन हजारांवर सैनिक असत; आता शंभरही नसतात.

दोन्ही ठिकाणं चालत अर्ध्या तासाच्या आत. हिवाळा टाळा; गुडघ्यांना ती थंडी सोसत नाही.