शून्य ज्यूल

शनिवारी सकाळी पडघ्याला गेलो, घरी. ठाण्याहून नाशिक हायवे धरायचा, रस्ता रिकामा असेल तर तासाभरात पोचतो माणूस. पण हा 'रिकामा रस्ता' म्हणजे फिजिक्सच्या पुस्तकातल्या 'घर्षणरहित पृष्ठभागा'सारखा. गृहीत धरायचा, सापडत नाही. माणकोलीपासून वडप्यापर्यंत कंटेनरचं ढुंगण बघत बघत शेवटी पोचलो.

ओसरीवर पुतणी विज्ञानाचं पुस्तक उघडून बसली होती. नववी, धडा 'कार्य आणि ऊर्जा'. मला बघताच म्हणाली, "काका, हे बरोबर आहे का बघ ना."

गणित साधं होतं. एक हमाल ५० किलोची गोणी डोक्यावर घेऊन सपाट रस्त्यावर ३० मीटर चालतो, तर गुरुत्वाकर्षणाविरुद्ध त्याने केलेलं कार्य किती? तिने उत्तर लिहिलं होतं, शून्य. बल वरच्या दिशेने, विस्थापन आडवं, कोन ९० अंश, कोसाइन ९० म्हणजे शून्य. एकदम बरोबर.

"बरोबर आहे," मी म्हणालो, आणि पोटात कसंतरी झालं. कारण शेजारच्या खाटेवर बाबा बसले होते.

बाबा हमाल होते. हायवेलगतच्या एका गोदामात. मुंबईच्या जकात हद्दीबाहेर म्हणून भिवंडी तालुक्यात गोदामं उभी राहत गेली, तिथे हजारो लोकांनी माल चढवला-उतरवला, त्यातले एक. (जकात २०१७ साली जीएसटी आल्यावर गेली, गोदामं मात्र वाढतच चालली आहेत.) १९९५ साली मी नववीत होतो तेव्हा असंच एक गणित सोडवलं होतं, आणि रात्री जेवताना मोठ्या हुशारीने जाहीर केलं होतं, "बाबा, शास्त्राप्रमाणे तुम्ही दिवसभर काहीच कार्य करत नाही!"

आई हसली होती. बाबांनी घास खाली ठेवून विचारलं होतं, "मंग हमाली कशाची देतात?"

मला उत्तर आलं नव्हतं. मार्क मात्र पूर्ण मिळाले होते. पुढे इंजिनिअरिंग केलं, त्याची फी त्याच हमालीतून गेली, आणि तो प्रश्न तसाच लोंबकळत राहिला. आमच्या भाषेत सांगायचं तर तीस वर्षं ओपन असलेला बग.

तर मी पुतणीला म्हटलं, चल, नीट सोडवू. यांत्रिकीच्या कुठल्याही गणितात सूत्र आठवायच्या आधी तीन प्रश्न विचारायचे. वस्तू कोणती? तिच्यावर कोणकोणती बलं? आणि ती वस्तू कुठल्या दिशेला किती सरकली? फ्री बॉडी डायग्राम काढतात तो याचसाठी. एक वस्तू उचलून बाजूला काढायची, बाकी जग पुसून टाकायचं, आणि जगाच्या जागी फक्त बाण ठेवायचे.

तिने गोणी काढली. खाली बाण, वजन, ५० गुणिले ९.८ म्हणजे ४९० न्यूटन. वर बाण, डोक्याचा आधार, तोही ४९० न्यूटन. सुरुवातीला गोणीला वेग देताना थोडं कार्य होतं. वेग सेकंदाला १.२ मीटर धरला तर ३६ ज्यूल. थांबताना तेवढंच परत काढून घेतलं जातं. हिशेब पुन्हा शून्य.

"आता सांग, या चित्रात हमाल कुठे आहे?"

तिने बघितलं. हमाल नव्हताच. त्याच्या जागी एक बाण होता.

मग दुसरं गणित घेतलं, ट्रक भरायचं. ट्रकचा हौदा जमिनीपासून १.२ मीटर वर, त्याला ४ मीटरची फळी लावलेली. गोणी सरळ उचलायची तर ४९० न्यूटन बल हवं. फळीवरून चढताना फळीच्या दिशेने गोणीसाठी १४७ न्यूटन पुरतं. बल कमी, अंतर जास्त, कार्य दोन्हीकडे सारखंच, ५८८ ज्यूल. एका माणसाने दिवसात २०० गोण्या चढवल्या तर १,१७,६०० ज्यूल. ऐकायला केवढे वाटतात! त्याच्या किलोकॅलरी केल्या तर २८. चहात बुडवलेली एक-दोन बिस्किटं. दहा टन माल ट्रकमध्ये, आणि हिशेबात एक-दोन बिस्किटं.

पुतणी हसली. बाबा हसले नाहीत, पण कान इकडे होते.

"आता गोणी सोड, हमालाला वस्तू धर." बाबांचं तेव्हाचं वजन ६० किलो धरलं. गोणीबरोबर ते स्वतःही फळी चढायचे. ६० गुणिले ९.८ गुणिले १.२, म्हणजे जवळपास ७०६ ज्यूल, दर खेपेला. गोणीपेक्षा जास्त! आणि रिकाम्या हाताने खाली उतरताना ही ऊर्जा परत मिळत नाही, ती स्नायूंत उष्णता होऊन जाते. उलट पाय रोखून धरायला वरून आणखी खर्च. शिवाय स्नायूंची कार्यक्षमता जेमतेम २० ते २५ टक्के, म्हणजे एक ज्यूल बाहेर काढायला चार-पाच ज्यूल जाळायचे.

"पण सपाट रस्त्यावर? तिथे तर कुठे चढायचं नाही," तिने विचारलं. हाच खरा प्रश्न.

खुंटीला गोणी टांगली तर खुंटी दमत नाही. स्नायू मात्र खुंटी नाही. त्याच्या आत मायोसिनचे बारीक आकडे अॅक्टिनच्या धाग्यांना पकडतात, सोडतात, पुन्हा पकडतात, आणि प्रत्येक फेरीला एटीपीचा एक रेणू खर्च होतो. गोणी तसूभर न हलवता नुसतं उभं राहिलं तरी हे चालूच. चालताना तर प्रत्येक पावलाला शरीर किंचित वर जातं, खाली येतं. १९८६ साली 'नेचर'मध्ये केनियातल्या बायकांवर एक अभ्यास आला होता. शरीराच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंतचं ओझं त्या डोक्यावरून जवळजवळ फुकटात नेत होत्या, ऊर्जेचा जादा खर्च न होता. त्यापुढे खर्च वाढत जातो. बाबांची गोणी त्यांच्या वजनाच्या ८० टक्क्यांच्या वर होती.

गंमत म्हणजे 'कार्य' ही संज्ञा आली तीच मजुरीतून. १८२९ साली कोरिऑलिसने बल गुणिले विस्थापनाला नाव दिलं 'त्रावाय', फ्रेंचमध्ये श्रम. यंत्रांचा हिशेब त्याला मांडायचा होता. त्याच्याही आधी कूलोमने (हो, तोच विद्युतभारवाला) माणसांच्या कामाची मोजमापं केली होती. त्याने दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या होत्या, केलेली क्रिया आणि झालेला थकवा. पाठ्यपुस्तकात पहिली आली, दुसरी राहिली.

मजुरीतही तसंच होतं. हमाली गोणीवर, टनावर. माणूस हिशेबात नाही. १९६९ च्या माथाडी कायद्याने तो धरला. मजुरीच्या वर लेव्ही बसवली, त्यातून प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, औषधपाणी. पण त्यासाठी बोर्डात नोंद लागते. बाबांची टोळी नोंदलेली नव्हती. त्यांच्या गुडघ्यांचा हिशेब कुठल्याच वहीत नाही.

हे सगळं मी पुतणीला सांगत होतो, पण खरं तर खाटेकडे बघून. शेवटी म्हणालो, "बाबा, ते शून्य गोणीचं होतं. तुमचं नव्हतं. मी तेव्हा चुकीचं बोललो."

बाबा थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "फळी चार मीटरची नव्हती. तीनचीच होती. मालक लांब फळी देत नसे, जागा अडते म्हणून."

पुतणीने पेन घेतलं. ४ खोडून ३ केले. ५८८ भागिले ३. १४७ चे १९६ न्यूटन झाले. कार्य तेवढंच राहिलं, ५८८. ते बल बाबांच्या गुडघ्यांनी कितीतरी वर्षं सोसलं होतं.

"मग मी परीक्षेत काय लिहू?" तिने विचारलं.

माझ्या आधी बाबाच बोलले. "झिरोच लिही. उगा मार्क जातील."