वडील काय करतात?

आमच्या भाचीला भोपाळहून मुलाखतीचे बोलावणे आले आणि घरातल्या आरशाला उसंत मिळेनाशी झाली. मुलाखत सैन्यातल्या अधिकारीपदाची. बी.एस्सी. होताच तिने लेखी परीक्षा दिली होती. तीत ती पास झाली आणि आता पाच दिवसांच्या मुलाखतीला जावयाचे होते. पाच दिवस! माझ्या समजुतीप्रमाणे मुलाखत म्हणजे टेबलापलीकडे चारपाच मंडळी, अलीकडे घामाघूम झालेला एक उमेदवार, आणि दहा मिनिटांत सारा खेळ खलास.

नाशिकला हा प्रकार तसा परका नाही. नाशिकरोडला छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे, तेथे सरकारी खर्चाने याच मुलाखतीची तयारी करून घेतात. मुलींसाठी तशी वेगळी संस्थाही २०२३ साली शहरात निघाली. खडकवासल्याच्या प्रबोधिनीचे दार न्यायालयाच्या आदेशाने २०२१ साली मुलींना उघडले आणि मे २०२५ मध्ये पहिल्या सतरा मुली तेथून शिकून बाहेर पडल्या. त्या दिवशीच्या वर्तमानपत्रातला फोटो भाचीने कापून कपाटाच्या दाराला चिकटवला होता. दार उघडझाप करून त्याचा एक कोपरा फाटला, तो तिने पुन्हा डकवला. तेव्हाच मी ओळखले, पोरीच्या डोक्यात काहीतरी पक्के बसले आहे.

मी एका शाळेत चित्रकला शिकवतो. शिक्षण मॅट्रिक आणि वर चित्रकलेच्या परीक्षा, एवढेच. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. तेव्हा मुलाखतीच्या तयारीत माझा काय उपयोग? पण एके दिवशी संध्याकाळी भाची वही घेऊन आली आणि म्हणाली, "मामा, मला बारा चित्रं काढून द्या. धूसर हवीत. आणि बारावं कोरं ठेवा."

तिने मग समजावून सांगितले. त्या मुलाखतीत पडद्यावर एकेक अस्पष्ट चित्र अर्धा मिनिट दाखवतात आणि चार मिनिटांत त्यावर गोष्ट लिहावयास सांगतात. अशी अकरा चित्रे. बारावा पडदा कोरा, त्यावर मनातली गोष्ट लिहावयाची. मग साठ शब्द, प्रत्येकाला पंधरा सेकंद. मग साठ प्रसंग, अर्ध्या तासात. शेवटी स्वतःविषयी लिहावयाचे: आईवडील तुमच्याबद्दल काय म्हणतात, शिक्षक काय म्हणतात, मित्र काय म्हणतात. चार मिनिटांत गोष्ट! मला एका कादंबरीला चार वर्षे लागतात आणि तरी शेवट जमत नाही.

मी कोळशाने चित्रे काढली. नदीकाठी उभा असलेला माणूस, खिडकीशी बसलेली बाई, गाडीखाली वाकलेला पोरगा. भाचीने घड्याळ लावून गोष्टी लिहिल्या. त्या वाचताना मला प्रथम हसू आले, मग काळजी वाटली. अकराही गोष्टींत एक तरुणी होती, ती सर्वांना एकत्र जमवी, रक्तदान शिबिर भरवी आणि शेवटी सगळे तिचे आभार मानीत. कोऱ्या कागदावरही शिबिरच! गाडीखाली वाकलेल्या पोराचे तर रक्तही काढून घेतले होते.

"हे कुठून आलं?"

"पुस्तकात असंच लिहायला सांगितलंय."

त्यानंतर तिने माहितीचा फॉर्म पुढे केला. तसला फॉर्म तेथे भरून द्यावा लागतो आणि मुलाखत घेणारा अधिकारी तो समोर ठेवूनच प्रश्न विचारतो. ही सरावाची प्रत होती. वडिलांचा व्यवसाय या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिले होते: 'व्यापार'.

आमचे भावोजी रामकुंडाजवळ एका टपरीत बसतात. कुंकू, कापूर, वाती आणि गंगेचे पाणी भरून झाळलेले तांब्याचे छोटे गडू विकतात. गोदावरीला आम्ही नाशिककर गंगाच म्हणतो, हे बाहेरच्या वाचकांसाठी सांगून ठेवतो.

'व्यापार' हा शब्द वाचून मी काही वेळ बोललोच नाही. त्या शब्दाची आणि माझी जुनी ओळख होती.

माझे वडील तांबट. आमच्या आळीत सकाळ झाली ती कोंबड्याने नव्हे, हातोडीने. हंडे, घंगाळी, बंब, कळशा. वडील ऐरणीवर भांडे फिरवीत मठारायला बसले की एकसारखे ठोके पडत. तीस वर्षांच्या त्या आवाजाने त्यांचे कान बरेचसे गेले होते. स्वतःला ऐकू यावे म्हणून तेही मोठ्याने बोलत. १९९९ च्या जूनमध्ये एका शाळेत माझी मुलाखत होती. चित्रांची मोठी गुंडाळी सायकलवर सावरत नव्हती, म्हणून ती धरायला वडील बरोबर आले. ते दाराबाहेरच्या बाकावर बसले. दार उघडेच होते. आत एका गृहस्थांनी विचारले, "वडील काय करतात?"

मी म्हणालो, "भांड्यांचा व्यापार."

नोकरी मिळाली. घरी जाताना वडिलांनी पेढे घेतले आणि दुकानदाराला एवढ्या मोठ्याने बातमी सांगितली की रस्त्यातली दोन माणसे वळून पाहू लागली. माझ्या उत्तराबद्दल एक अक्षर नाही. मी स्वतःची समजूत घातली, त्यांना ऐकू आले नसणार. पण पंधराएक दिवसांनी एक गिऱ्हाईक कल्हईचे पैसे उधार ठेवू लागले, तेव्हा वडील हसत म्हणाले, "छे, छे! आम्ही पडलो व्यापारी माणसं, उधारी कशी चालेल?" हा शब्द त्यांच्या तोंडून मी पूर्वी कधी ऐकला नव्हता. हसताना ते माझ्याकडे पाहत होते की हातातल्या परातीकडे, हे मला आजतागायत ठरवता आलेले नाही. २०११ साली ते गेले. विचारावयाचे राहूनच गेले.

हे मी कोणाला सांगितले नव्हते. भाचीला सांगितले. ती लक्ष देऊन ऐकत होती. मग तिने विचारले, "म्हणजे त्या उत्तरामुळे नोकरी मिळाली?"

"नाही गं. चित्रं बघून दिली."

"मग कशाला सांगितलं तसं?"

याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी विषय बदलला. "चार ऑगस्टला काय झालं होतं, आठवतं?"

न आठवून कसे चालेल! २०१९ च्या त्या पुरात पाणी दुतोंड्या मारुतीच्या डोक्यावरून गेले होते. पूर किती चढला हे गंगेवर फुटांत मोजीत नाहीत, मारुतीच्या गुडघ्यावर, कमरेवर, छातीवर मोजतात. पाणी गुडघ्याशी असताना भावोजी म्हणत होते, अजून वेळ आहे. पंधरा वर्षांची ही पोर म्हणाली, नाही. तिने शेजारच्या पाच टपऱ्यांची पोरे गोळा केली, रांग लावली आणि हातोहात माल वरच्या आळीत पोचवला. आधी म्हाताऱ्या फूलवालीचा, शेवटी स्वतःचा. भावोजींचे चाळीस गडू तेवढे वाहून गेले. "गंगेचं पाणी गंगेला," असे म्हणून त्यांनी तो हिशेब मिटवला.

"हे लिही की!"

"पण मग टपरी आलीच त्यात."

"आलीच."

ती वही मिटून निघून गेली. मला वाटले, फार बोललो. पण दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर बारावा कागद होता. अक्षर गिचमिड, शेवटचे वाक्य अर्धेच. चार मिनिटे संपली असावीत. त्यात फूलवाली होती, मारुती होता. शिबिर नव्हते.

नाशिकरोड स्टेशनवर तिला पोचवायला आम्ही दोघे गेलो. भावोजी टपरी लावून तसेच आले होते, बोटांना कुंकू. गाडी सुटली, शेवटचा डबाही दिसेनासा झाला. मग त्यांनी हळूच विचारले, "दादा, फॉर्मात माझं काय लिहिलंय हिनं?"

"गंगेवर पूजासाहित्याचं दुकान."

भावोजी थबकले. "दुकान? टपरी लिहायला हवं होतं हो. साहेबानं लांबीरुंदी विचारली म्हणजे?"

पुलाचा जिना चढेपर्यंत त्यांना तीच काळजी लागून राहिली होती.