माझी लिस्ट, व्हाया शेलू

कर्जत लोकलमध्ये चौथी सीट मिळाली की माणूस तत्त्वज्ञ होतो आणि विंडो सीट मिळाली की समीक्षक! परवा मला चक्क विंडो मिळाली, आणि नेमका तेव्हाच ऑफिसच्या ग्रुपवर वाद पेटला होता : उमेश कुलकर्णीचा बेस्ट सिनेमा कुठला? प्रत्येकाने लिस्ट टाकायची, पळवाट नाही. सीएसएमटी ते शेलू म्हणजे पावणेदोन-दोन तास. फीचर फिल्म्स चारच. म्हटलं, आरामात होईल.

एफटीआयआयमध्ये असताना केलेल्या ‘गिरणी’ या शॉर्ट फिल्मला मी स्पर्धेबाहेर ठेवलं. घरात आलेली पिठाची गिरणी आणि तिला वैतागलेला तिच्या मालकिणीचा मुलगा, बस्स एवढंच. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. उरलेल्या चारांत लेखक म्हणून गिरीश कुलकर्णी आहेच. म्हणजे ही लिस्ट खरं तर एका जोडीची.

नंबर चार : ‘हायवे’ (२०१५). मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे, वेगवेगळ्या गाड्या, प्रत्येकीत वेगळी दुनिया. आयडिया झकास. हा रस्ता आमच्याच जिल्ह्यातून, खालापूरवरून जातो, त्यामुळे मला तर तो घरचा सिनेमा वाटायला हवा होता. पण माणसं इतकी की एकाशी ओळख होतेय तोवर कॅमेरा पुढच्या गाडीत! ट्रॅफिक जॅममध्ये सगळे अडकतात तेव्हा सिनेमा खऱ्या अर्थाने सुरू होतो, आणि तोवर आपण थकलेले असतो. आमच्या लोकलमध्ये हेच रोज घडतं. फरक एवढाच, की कल्याणला माणसं उतरतात.

नंबर तीन : ‘वळू’ (२००८). मोकाट बैलाला पकडायला आलेला फॉरेस्ट ऑफिसर आणि प्रत्येक भानगडीचं बिल त्या डुरक्याच्या नावावर फाडणारं कुसवडे गाव. टीव्हीवर लागला की आजही रिमोट खाली ठेवतो. तक्रार एकच. गावकरी अधूनमधून ‘नमुने’ होतात, आणि आपण शहरवाले जरा जास्तच मोठ्याने हसतो. मी दादरला राहत असताना पोट धरून हसलो होतो. शेलूला आल्यावर पाहिला, तेव्हा हसणं थोडं कमी झालं. आता मीही कुणाच्या तरी दृष्टीने ‘तिकडचा’ आहे ना!

इथपर्यंत गाडी बदलापूरला आली होती. सोपं होतं. पुढे मात्र अडलो.

नंबर दोन : ‘देऊळ’ (२०११). राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपट, सर्वोत्कृष्ट अभिनेता आणि संवादही. केश्याला औदुंबराखाली दत्त दिसतात, आणि गावात होऊ घातलेलं हॉस्पिटल मागे पडून देऊळ उभं राहतं. कॉलेजात असताना वाटलेलं, फुल्ल सटायर! नाना पाटेकर काय, सोनाली कुलकर्णी काय, धमाल!

आता थोडं पर्सनल. २०१९ मध्ये आम्ही शेलूला फ्लॅट घेतला. परवडला म्हणून, दुसरं कारण सांगण्यात अर्थ नाही. ब्रोशरवर स्विमिंग पूल, गार्डन, हॉस्पिटल आणि मंदिर. यातलं मंदिर आधी झालं. देखणं आहे, संध्याकाळी आरतीला बाबाही जायचे. २०२२च्या पावसाळ्यात एका रात्री बाबांच्या छातीत दुखायला लागलं. रिक्षा मिळेना, मग शेजारच्या काकांनी गाडी काढली. मोठ्या हॉस्पिटलात पोहोचेपर्यंत उशीर झाला होता. जवळ हॉस्पिटल असतं तर ते वाचले असते का, हे डॉक्टरही सांगू शकले नाहीत.

नंतर सहा महिने ‘देऊळ’ माझा नंबर एक होता. कुणी विचारलं नाही तरी सांगायचो. रागाच्या भरात बनवलेली लिस्ट होती ती. राग ओसरल्यावर पुन्हा पाहिला तेव्हा दिसलं की सिनेमाला आपल्यावर पुरेसा विश्वास नाही. दिलीप प्रभावळकरांचे अण्णा जे बोलून दाखवतात, ते आपल्याला आधीच कळलेलं असतं. तरी एक गोष्ट त्याने मला शिकवली. देऊळ बांधणारे वाईट नसतात. आमच्या मंदिराच्या वर्गणीत बाबांचेही पाचशे एक रुपये होते.

नंबर एक : ‘विहीर’ (२००९). कबुलीजबाब देतो. २०१०मध्ये तो थिएटरला लागला तेव्हा मी इंटरव्हलनंतर झोपलो होतो! अमिताभ बच्चनच्या कंपनीची निर्मिती, बर्लिनला जाऊन आलेला. मग काय, बाहेर आल्यावर ‘क्लास आहे यार’ म्हणालो आणि पुढची बारा वर्षं तेच म्हणत राहिलो.

समीर आणि नचिकेत, दोन जिवलग भाऊ. नचिकेत विहिरीत बुडून जातो. मग समीर त्याला शोधत राहतो, घर सोडून भटकतो. बाबा गेल्यानंतरच्या मे महिन्यात एका रात्री लाइट आल्यावर झोप येईना, म्हणून लॅपटॉपवर लावला. ज्या भागात मी झोपलो होतो तो भाग पहिल्यांदा पाहिला. त्यात फारसं काही घडत नाही, अगदी खरं. पण माणूस गेल्यावर घरात तरी काय घडतं? कुकर लागतो, दूधवाला येतो, आणि आपण मात्र बाल्कनीत, जिन्यात, प्लॅटफॉर्मवर कुणालातरी शोधत असतो. सुधीर पळसानेंचा कॅमेरा नुसता थांबून बघतो, समजूत काढत नाही. नातेवाइकांपैकी हे फार थोड्यांना जमलं होतं.

परफेक्ट आहे का? नाही. काही ठिकाणी विहीर, पाणी, लपंडाव यांचा अर्थ हाताला धरून सांगितल्यासारखा वाटतो. दहा मिनिटं कमी चालली असती. पण झोप येणं हा दोष सिनेमाचा नव्हता, माझ्या वयाचा होता.

लिस्ट ग्रुपवर टाकली. पाच मिनिटांत उत्तर आलं, “विहीर?? बोअर आहे रे. शो-ऑफ करू नकोस.”

टाइप करायला घेतलं, बाबांचं सगळं लिहिलं, मग पुसलं. “बारा वर्षांनी परत बघ,” एवढंच पाठवलं. तोवर वांगणी गेलं होतं. उठून दाराशी गेलो, नाहीतर थेट नेरळ!