तीन चाकांचा ब्रेक

वर्तकनगर, ठाणे
रविवार, दुपार

ती. दादास,


परवा फोनवर तू विचारलंस, "किती गेले आत्तापर्यंत?" आणि मी रेंज गेल्याचं सोंग केलं. रेंज चांगली होती. आकडा सांगायची लाज वाटली. आता लिहितो: ४२,६०० रुपये, आणि सीटचं काम अजून बाकी आहे. भंगारवाला टेम्पोचे ३० हजार द्यायला तयार होता. म्हणजे तुझ्या हिशेबाने खड्डा ७२,६०० चा. हिशेब बरोबर आहे, मी वाद घालत नाही. पण पत्र त्यासाठी नाही. तुला एक विचारायचं आहे आणि ते फोनवर विचारवत नाही. आधी गाडीचं सांगतो, नाहीतर तुला वाटेल मी अण्णांवर आरोप करतोय.

आपली बिल्डिंग आता खरंच पाडणार. अर्ध्या वर्तकनगरात म्हाडाच्या चाळवजा इमारती जाऊन टॉवर उभे राहिले, आपली रांग तेवढी मागे होती. दिवाळीत नोटीस लागली की आवारातल्या बंद गाड्या होळीपर्यंत हलवाव्यात. बंद गाड्या तीन: दोन स्कूटर आणि आपला टेम्पो. स्कूटरवाल्यांनी आठवड्यात विकून टाकल्या. मी ताडपत्री काढली. हौद्यात मांजर व्यायलं होतं. बदामाचा पाचोळा बोनेटच्या फटीतून आत जाऊन कुजला होता आणि त्यात पिंपळाचं रोप टरारून वर आलं होतं. ११ वर्षं उभी होती गाडी.

आपण तिला जन्मभर टेम्पो म्हणालो. टेम्पो हे खरं तर जर्मनीतल्या एका कंपनीचं नाव, बजाज टेम्पोने ते इकडे आणलं आणि माल वाहणाऱ्या प्रत्येक लहान गाडीला ते चिकटलं, वनस्पती तुपाला डालडा चिकटलं तसं. आरसी बुकात नाव आहे टाटामोबाईल २०६. चिरंजीव हसून लोळला. "बाबा, टाटाने फोन पण काढला होता?" त्याला सांगितलं, हे मॉडेल १९८८ साली आलं आणि आपल्याकडे मोबाईल फोनवर पहिला कॉल झाला १९९५ साली. नाव आधी आपलं. त्याला पटलं नाही, पण तो त्या दिवशी दोन तास माझ्यासोबत पाने पुसत बसला, तेवढं पुरे.

इंजिनावर ४८३ लिहिलंय. टूलरूममध्ये २४ वर्षं काढल्यावर आकडा दिसला की स्वस्थ बसवत नाही. ४ म्हणजे सिलिंडर चार, ८३ म्हणजे बोअर ८३ मिलिमीटर. स्ट्रोक ९०. गुणाकार केला तर बरोबर १९४८ सीसी येतात. महिंद्राच्या जीपमध्ये ते एक्सडीपी ४.९० इंजिन असायचं ना, त्याचंही तसंच: चार सिलिंडर, ९० चा बोअर. इतकी वर्षं मेकॅनिक लोकांकडून 'फोर नाइंटी, फोर नाइंटी' ऐकलं आणि अर्थ कळला पन्नाशीत.

पार्ट मिळणार नाहीत असं तू म्हणाला होतास. मिळाले. या गाडीचंच खानदान पुढे सिएरा, इस्टेट आणि सुमो म्हणून निघालं. त्यातली सुमो, टेल्कोच्या सुमंत मुळगावकरांच्या नावावरून जिचं नाव ठेवलं ती, १९९४ ते २०१९ इतकी वर्षं रस्त्यावर येत राहिली. त्यामुळे कुर्ल्याला सीएसटी रोडवर उभा राहिलो की काही ना काही हाताला लागतंच. फक्त दुकानदाराला 'टाटामोबाईल' म्हणायचं नाही, तो तोंड फिरवतो. 'जुनी सुमो' म्हणायचं.

पहिला नियम मी असा केला की इंजिनाला हात शेवटी. जी गाडी थांबत नाही ती सुरू करून काय करायचंय? पण राहवलं नाही म्हणून चारही हीटर प्लग काढून भोकांतून थोडं डिझेल आणि ऑइल मिसळून सोडलं आणि तसंच मुरू दिलं. रोज संध्याकाळी पुढच्या पुलीच्या बोल्टला पाना लावून हलवून बघायचो. तीन दिवस ढिम्म. चौथ्या दिवशी बोटभर सरकलं. मी वर पाहिलं तर तिसऱ्या मजल्यावरच्या काकू गॅलरीतून बघत होत्या. त्यांना म्हटलं, "जाम नाहीये!" त्या म्हणाल्या, "कपडे काढून घेऊ का, धूर होईल?"

धुराला अजून तीन महिने होते. कारण मग सुरू झाली अण्णांची दुरुस्ती.

दादा, माझा निम्मा वेळ गंज काढण्यात गेला आणि निम्मा अण्णांनी केलेलं काम उलगडण्यात. रेडिएटर उघडला तर आत पिवळा गाळ. हळद. गळती लागली की ते स्वयंपाकघरातून मूठभर हळद नेऊन आत टाकायचे, आठवतं? आई ओरडायची. गळती थांबायची हे खरं, पण ती हळद बारीक नळ्यांतही बसली आणि निम्मा रेडिएटर बुजला. मग इंजिन तापायला लागलं, म्हणून त्यांनी थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह काढून फेकला. माळशेज चढताना सुई खाली राहिली असेल, पण सपाटीवर इंजिन कधी नीट गरमच झालं नाही, म्हणजे डिझेल जास्त आणि झीजही जास्त. डिझेलच्या टाकीला शिवणीवर चीर, त्यावर कपडे धुण्याचा साबण घासून दाबलेला, त्यावर पुन्हा साबण, थरावर थर. होजला सायकलच्या ट्यूबची पट्टी. पाट्याच्या शॅकलमध्ये बुश झिजला तर त्यात डब्याचा पत्रा वळून घातलेला. आणि हॉर्नला घराच्या दारावरच्या बेलचं बटण. ते मी ठेवलंय.

सुरुवातीला मला राग येत होता. मी मायक्रॉनमध्ये काम केलेला माणूस. वागळे इस्टेटमध्ये रोड नंबर १६ ला अजून एक ओळखीचा लेथवाला गाळा टिकवून आहे, बाजूला सगळ्या काचेच्या इमारती. त्याच्याकडे मी बुश, पिना सगळं मापात करून घेतलं. पत्र्याचा तो वळलेला तुकडा हातात घेऊन तो म्हणाला, "हे कोणी केलंय? रात्रीचं केलंय." मी विचारलं कशावरून. म्हणाला, "कापलंय कात्रीने, घासलंय फरशीवर. सकाळी गाडी काढायची असणार."

बरोबर होतं त्याचं. रात्री दीडला अण्णांनी ओतूरहून माल भरून निघायचं, मढ, माळशेज, टोकावडे, मुरबाड, आणि उजाडायच्या आत कल्याणच्या मार्केटला काटा गाठायचा. माझ्यासारखे पाच महिने त्यांच्याकडे नव्हते. त्यांना पाच तास असायचे आणि त्यातच झोप. माझ्याकडे व्हीआरएसचे पैसे आहेत, कंपनीने दिलेला रिकामा वेळ आहे, यूट्यूबवर तमिळनाडूतला एक पोरगा हेच इंजिन खोलून दाखवतो. मी 'नीट' काम करतोय यात माझी हुशारी फार नाही.

आता मूळ गोष्ट.

जानेवारीत मागची चाकं उघडली. उजव्या ड्रममधले लायनर झिजून रिबेटांपर्यंत आलेले. डावा ड्रम खूप ठोकल्यावर सुटला, आणि आतले लायनर जवळजवळ कोरे. मला वाटलं शेवटी शेवटी एका बाजूचेच बदलले असतील. मग व्हील सिलिंडर बघितला तर कोरडा ठणठणीत, ऑइलचा मागमूस नाही. पाईप धरून मागे मागे गेलो. अॅक्सलच्या वर, जिथे कोणाचा हात सहज जात नाही, तिथे तो पाईप दुमडून, हातोडीने चेपून, वर तारेने आवळून बंद केलेला.

म्हणजे डाव्या मागच्या चाकाला ब्रेकच नव्हता. सिलिंडर गळायला लागला असणार, नवा घ्यायचा नव्हता किंवा मिळाला नव्हता, आणि त्या चाकावाटे सगळंच ऑइल जाऊ नये म्हणून ते चाकच तोडून टाकलं. रस्त्यावर अडलेला ड्रायव्हर करतोच हे. घरी पोचेपर्यंत. पण दोन्ही लायनरमधला फरक घरी पोचण्याचा नाही रे. तो वर्षांचा आहे.

आणि ती गाडी भरलेली उतरायची. चढताना रिकामी किंवा खताची चार पोती, पण उतरताना कोबी, टोमॅटो, वर दोर, आणि त्या दोरांमध्ये घोंगडी पांघरून कित्येक शनिवारी आपण दोघं. मला घाटातल्या धुक्याचा वास आठवतो, मेथीचा ओला वास आठवतो. अण्णांचं वाक्यही आठवतं: "उतारावर दुसऱ्याच गिअरला ठेवायची. ब्रेकवर भरवसा ठेवायचा नाही." मी ते इतकी वर्षं जगण्याचं तत्त्व म्हणून लोकांना ऐकवत आलो. ती नुसती माहिती होती.

त्यांची लाल वही माझ्याकडेच आहे. शोधत बसलो. जून १९९८ च्या पानावर आहे: "मा. डा. ब्रेक – नंतर." त्याच्या खालची ओळ: "विहिरीची मोटर, वायंडिंग – १,१००." मी यातून काही काढत नाही. त्या महिन्यात अजून चौदा नोंदी आहेत. पण 'नंतर' कधी आलंच नाही, पुढची सगळी पानं पाहिली.

तू ९७ पासून स्वतः चालवायचास. पेडल दाबलं की गाडी उजवीकडे ओढत असणारच. तुला माहीत होतं का? अण्णांनी सांगितलं होतं, की तू ओळखलंस आणि बोलला नाहीस? माझा राग नाही. मी तेव्हा कारखान्यात पहिल्या पाळीला जात होतो आणि घरात पैसे कुठून येतात हे मीही विचारलं नव्हतं. फक्त कळलं पाहिजे असं वाटतं.

पाईप नवा घातला. चारही चाकांचे सिलिंडर, किट, होज, सगळं. जुना चेपलेला तुकडा कापून वहीपाशी ठेवलाय.

बाकीचं भराभर सांगतो. टाकी उतरवून तिच्यात सायकलची जुनी चेन आणि डिझेल घालून दोघांनी धरून हलवली, गंज सुटतो. नॉझल आणि पंप डिझेल पंपवाल्याकडे टेस्टिंगला दिले, सर्वांत मोठं बिल त्याचंच. क्लच प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटली होती. पेडल दाबून त्याला लाकडाची फळी अडकवली आणि तसंच ठेवलं. तिसऱ्या दिवशी टॉप गिअरला टाकून गाडी पुढेमागे ढकलली तेव्हा 'टक्' करून सुटली. उंदरांनी खाल्लेली वायरिंग नवी केली. हौद्याचा पत्रा सडला होता तेवढा कापून नवा जोडला. रंगाला हात लावलेला नाही.

मग होळीच्या आधीच्या रविवारी एअर काढली. फीड पंपाचा हातपंप मारत राहायचं, स्क्रूमधून बुडबुडे, बुडबुडे, मग सलग धार. नॉझलच्या नळ्यांचे नट ढिले ठेवून सेल्फ मारला, डिझेल फुसफुसायला लागल्यावर एकेक आवळला. आधी एकच सिलिंडर पकडला, सगळी गाडी म्हशीसारखी अंग झाडायला लागली, मग दुसरा, मग चारही. पांढरा धूर इतका की मागची बिल्डिंग दिसेना. मग निळसर. मग कमी. काकूंचे कपडे वाळत होतेच. मी वर जाऊन माफी मागितली, त्यांनी चहा दिला.

सांगलीच्या देवराष्ट्र्याच्या दत्तात्रय लोहारांचं उदाहरण देऊन तू मला चिडवतोस, की त्यांनी भंगारातून जीप केली तर आनंद महिंद्रांनी नवीन बोलेरो दिली, तुला कोण काय देणार? कोणी काही नाही. पण त्यांनी ६० हजारांत आख्खी गाडी उभी केली, किक मारून सुरू होणारी, आणि मी आयत्या गाडीत जवळजवळ तेवढेच घालून बसलो, हे मला फार लागतं.

रस्त्यावर मात्र अजून नाही. होळीला तिला टोचन करून मित्राच्या गाळ्यासमोर नेऊन उभी केली. पासिंग, पर्यावरण कर, विमा, नवी नंबरप्लेट, सगळं व्हायचंय. मध्ये एकाने सुचवलं की व्हिंटेजमध्ये नोंदव, २०२१ पासून तसा नियम आहे. नियम वाचला. ५० वर्षं पूर्ण हवीत, गाडी मालवाहू नको, आणि मूळ रूपात हवी. आपली ८९ ची. भंगारात जायला म्हातारी आणि व्हिंटेज व्हायला पोरसवदा. शिवाय मूळ रूप म्हणजे कुठलं? बेलचं बटण धरून की सोडून?

एक काम आहे. मागचा फाळका. इथे लाकडाच्या फळ्या ठोकलेल्या आहेत, खरा पत्र्याचा फाळका तुझ्या गोठ्यात वासराच्या कुडाला लावलाय, मागच्या वेळी पाहिला होता. त्यावर अण्णांनी स्वतः ब्रशने 'हॉर्न ओके प्लीज' लिहिलंय आणि जागा संपली म्हणून 'प्लीज' कोपऱ्यात मुंगीएवढं झालंय. ते लिहायला राज्यात २०१५ पासून बंदी आहे, लोक उगाच हॉर्न वाजवतात म्हणून. पासिंगच्या वेळी मी त्यावर पत्रा स्क्रूने बसवीन, रंग फासणार नाही.

येत्या आठवड्यात कोणी कल्याणला माल घेऊन येत असेल तर त्याच्याबरोबर पाठव. कडेने धार आली असेल, गोणपाटात गुंडाळ. आणि काढायच्या आधी वासरू दुसरीकडे बांध.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा